चाखलेलं पाणी

१४ सप्टेंबर १९९७, नेरे

शेवटी बोलून टाकलं. दुपारी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा जाहीरच केलं, की यंदाचं भात निघालं की मागच्या शेतात परत नांगर घालायचा नाही. होळीच्या आत तिथे सिमेंटचा कोबा आणि वर शेड. चिखल बंद, तण बंद, खेकड्यांनी बांध पोखरणं बंद. भाजी पाण्यात पिकवायची. मुलगा नीलेश इतका खूश झाला की त्याने उष्ट्या हाताने मला टाळी दिली.

कल्पना त्याचीच. आपटा गावाजवळच्या केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे तो. तिथे कुठल्या मासिकात त्याने वाचलं. त्याला त्या कंपनीतून बाहेर पडायचंय. घरी येतो तेव्हा त्याच्या शर्टाला असा वास येतो की सुनबाई सुनिता तो वेगळा धुते. आणि गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. पलीकडच्या फार्महाऊसवाल्या कुमुदबेन. त्यांचे मुंबईला हॉटेलवाले ओळखीचे. सॅलडचा पाला म्हणे बारा महिने हवा, स्वच्छ, मातीचा कण नसलेला. 'माघ महिन्यापर्यंत एका खोलीत करून दाखवा, जमलं तर पुढे बोलू,' म्हणाल्या. रास्त आहे.

लोक म्हणतील बळीराम म्हातारपणी चळला. म्हणू देत. आमचं घराणं खाडीकाठचं, मिठागरातलं. आम्ही मातीचे कधी नव्हतोच. माझ्या बापाने आयुष्यभर पाण्यातून पीक काढलं, पांढरंशुभ्र. मिठागरं गेली, मी पनवेलला पाणीखात्यात लागलो, तिथेही पाणीच. भात, वाल, हे सगळं बायकोकडचं. वेणू एकुलती एक, म्हणून हे शेत आणि घर तिच्या बापाकडून आलं आणि मी नेऱ्याला येऊन राहिलो. घरजावई म्हणून चिडवायचे तेव्हा.

वेणू आमटी वाढत होती. 'शेत माझ्या बापाचं हाय,' एवढंच म्हणाली. मी म्हटलं, कोण नाही म्हणतंय? शेडला त्यांचंच नाव देऊ! नीलेश हसला, मीही हसलो. ती आत गेली. एकंदरीत तिची हरकत नाही.

२१ सप्टेंबर

भाताच्या कोठीची खोली रिकामी केली. खिडकीला जाळी, वर ट्यूबलाइटी. पीव्हीसीचे पाइप आडवे टाकून त्यांना भोकं पाडली, भोकांत प्लॅस्टिकचे पेले, पेल्यात माती नाही, नारळाचा काथ्या. खाली टाकी. मासळीच्या काचपेटीला असतो तसला पंप टाकीतलं पाणी पाइपांत चढवतो, ते रोपांच्या मुळांवरून वाहून परत टाकीत येतं. रोपाला लागणारं खत त्या पाण्यात विरघळवलेलं. बस, एवढंच शास्त्र.

खत किती, हे महत्त्वाचं. कमी पडलं तर रोप उपाशी, जास्त झालं तर मुळं जळतात. नीलेशने कंपनीतून क्षार मोजायचं मीटर आणलंय, पेनासारखं. ते बुडवलं की आकडा दिसतो. तो आकडा बघत होता तेवढ्यात मी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

'बाबा! थुंका! केमिकल आहे ते!'

थुंकलो. पण चव बरोबर टिपली. आधी किंचित खारट, मागून कडसर. आमच्या बापाकडे कुठलं मीटर होतं? वाफ्यातलं पाणी जिभेवर टेकवायचा आणि सांगायचा, उद्या मीठ धरेल, आज नाही. कधी चुकला नाही. ती जीभ माझ्याकडे आलेली आहे. बारशाला, लग्नाला, कुणाच्याही घरी कालवण होत आलं की मला बोलावतात, बळीरामशेठ, मीठ बघा. ते उगाच नाही.

१२ ऑक्टोबर

पाला आला! अहाहा. हिरवागार, कोवळा, झालरीसारखा. काल दसऱ्याला खोलीच्या दाराला तोरण बांधलं. आज कुमुदबेन येऊन गेल्या. पान तोडून तिथेच खाल्लं. 'बळीरामभाई, आ तो फर्स्ट क्लास,' म्हणाल्या. पुढच्या दोन खेपा अशाच निघाल्या तर शेडचा सगळा माल त्या उचलणार. माघाच्या आत परत येऊन बघणार.

मीटर आणि माझी जीभ यांची रोज गाठ घालतो. नीलेश आकडा बघायच्या आधी मी सांगतो, आज पाणी जड झालंय, आज हलकं. तीनदा बरोबर आलं. नीलेश म्हणाला, 'मानलं बाबा.' वेणूला बोलावून दाखवलं. तिने उंबऱ्यातूनच बघितलं. 'बिनमातीचा हाय, म्हनून बिनवासाचा हाय,' म्हणाली. या बाईला चांगलं म्हणवतच नाही.

१९ ऑक्टोबर

बांधावर चक्कर आली. खाली बसलो म्हणून वाचलो. सुनिताने जबरदस्तीने पनवेलला डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब. दिवसातून दोनदा गोळी, आणि मीठ कमी. मिठागरवाल्याच्या पोराला मीठ कमी! डॉक्टरला म्हटलं, त्यापेक्षा श्वास कमी घ्यायला सांगा. तो हसला नाही.

वेणूच्या हातात आयतं कोलीत मिळालं. घरी पोचून पाय धुवायच्या आत माझ्या ताटाजवळची मिठाची वाटी गायब.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. चकलीत मीठ नाही, शेवेत मीठ नाही, चिवडा म्हणजे नुसता भुसा. मी बोललो. सुनिता म्हणाली, 'बाबा, चिवडा तर सगळ्यांसाठी एकच केलाय, पाहुणे मागून मागून खातायत.' पाहुण्यांना काय, फुकटचा. वेणूने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, 'राहूद्या, उद्या दुसरा करते.' दुसरा केला. तोही तसलाच. डॉक्टरने कमी सांगितलं होतं, बंद नव्हतं सांगितलं.

९ नोव्हेंबर

नीलेश ट्रेनिंगसाठी गुजरातेत गेला. संक्रांतीनंतर येईल. कंपनीचं मीटर कंपनीत परत गेलं, तपासणी आहे म्हणे. जाताना बजावून गेला, 'बाबा, मुंबईला जाऊन नवीन मीटर घ्या. आणि एक लक्षात ठेवा, टाकीतलं पाणी उतरलं की साधं पाणी घाला. आकडा उतरला तरच खत.' मी हो म्हटलं. त्याला कशाला सांगू की मीटर काही मी आणणार नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

भात निघालं. रिकाम्या शेतात वेणू लगेच वाल पेरायला लागली. मी म्हटलं, अगं, होळीला कोबा पडायचाय, कशाला मेहनत? 'वाल काय होलीपर्यंत थांबत नाय,' म्हणाली आणि पेरत राहिली. जाऊ दे. हौस आहे.

२४ नोव्हेंबर

दुसरी खेप लावून झाली. पाणी मात्र विचित्र वागतंय. रोज चाखतो, रोज हलकं. खत घालावं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मुळमुळीत. एवढी एवढी रोपं इतकं खातात? खात असतील, वाढीचं वय. नीलेशचा फोन आला, सगळं ठीक म्हणून सांगितलं.

वेणूशी भांडण झालं. कालवण म्हणजे कोमट पाणी. मी ताट सरकवलं. ती म्हणाली, 'सुनितानं खाल्लंय, ती काय बोलली नाय.' सुनिता काय बोलणार, ती हिच्या बाजूची. आता मी शर्टाच्या खिशात मिठाची पुडी ठेवतो. ती पाठमोरी झाली की चिमूट टाकतो. या वयात स्वतःच्या घरात चोरी.

८ डिसेंबर

पानांच्या कडा तपकिरी पडतायत. आधी वाटलं ट्यूबची झळ. ट्यूब वर चढवली. तरी तेच. एक रोप उपसून बघितलं तर मूळ पांढरं नाही, चहात बुडवल्यासारखं. पाणी चाखलं. नुसतं पाणी! खताचा मागमूस नाही. रोपं उपाशी मरतायत म्हणून आणखी खत घातलं.

झोप नीट नाही. छाती धडधडते. उद्या कुमुदबेन अचानक टपकल्या तर काय दाखवू?

९ डिसेंबर

जास्तच कोमेजली.

१७ डिसेंबर

दुसरी खेप गेली. सगळी उपटून उकिरड्यावर टाकली. बकरीनेही हुंगून सोडली. सुनिता म्हणाली, 'बाबा, ह्यांना कळवू या का?' मी ओरडलो तिच्यावर. नंतर वाईट वाटलं. पोर चांगली आहे.

खताच्या दुकानदाराशी पनवेलला जाऊन भांडून आलो. माल भेसळीचा आहे, दमच नाही त्याच्यात. तो म्हणाला, 'काका, याच पोत्यातलं खत सगळा तालुका नेतो.' नवीन खत आणलं. तेही फुसकं.

दुपारी एक गंमत झाली. वेणूने ताक दिलं. मी प्यायलो. तिने विचारलं, 'मीठ कसा झालाय?' मी म्हटलं, घातलंयस कुठे? ती म्हणाली, 'आता ह्यो दुसरा पेला घ्या.' घेतला. म्हटलं, यातही नाही. तिने दोन्ही पेले उचलले, पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. तीस वर्षं संसार केला, पण या बाईच्या मनात काय असतं ते देवाला ठाऊक.

२८ डिसेंबर

तिसरी खेप. आता हीच शेवटची. यातून निघालं तर निघालं. खोलीला कुलूप लावलंय आणि किल्ली करदोट्याला.

कुलूप का, तेही लिहून ठेवतो. सकाळी सुनिता सहज म्हणाली, 'आई, मीठ एवढं लवकर कसं संपलं?' मी चिमूटभर घेतो, त्याने बरणी रिकामी होत नाही. वेणू चुलीपाशी होती. तिने वर बघितलंच नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाण्यात मीठ टाकलं की रोप जळतं. अगदी असंच, कडेपासून. मिठागराच्या बांधावर गवत जळतं तसं. शेत वाचवायला कोण काय करील सांगता येत नाही.

नाही, हे लिहायला नको होतं. पण लिहिलं. खोडत नाही.

६ जानेवारी १९९८

कुलूप असूनही तिसरी खेप माना टाकतेय. म्हणजे माझा संशय खोटा? की दुसरी किल्ली आहे? जुन्या कुलपाच्या किल्ल्या तिच्या बापाच्या पेटीत असायच्या.

आज मी विचारलंच. ती अंगणात वालाच्या वेलांना काठ्या तासत होती. म्हटलं, खरं सांग, टाकीत मीठ टाकतेस का तू?

तिच्या हातातला कोयता थांबला. 'काय बोलताय?'

म्हटलं, माझ्या घरचं मीठ खाऊन माझ्याच मुळावर उठलीस.

'तुमच्या घरचं?' ती उभी राहिली. 'घर माझ्या बापाचं, चूल माझ्या आयची. मीठ तेवढा तुमचा, तो बी तुमी खिशात घेऊन फिरता. मना म्हाईत नाय वाटतं?'

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सुनिता दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, विषय बदलू नकोस, टाकलंस की नाही? तर म्हणाली, 'त्या खोलीत मी पाय ठेवला नाय. बापाशपथ.' आणि परत काठ्या तासायला बसली.

बापाची शपथ ती खोटी घेणार नाही, एवढं मला कळतं. मग पाण्याला झालंय काय? मला वेड लागेल.

१४ जानेवारी

संक्रांत. वेणूने तिळगूळ हातावर ठेवला. आठ दिवस बोलणं बंद आहे. तिळगुळात गोडवा नाही. हल्ली गुळातसुद्धा भेसळ.

आज दयारामकडे गेलो. त्याचा खडीचा ट्रक आहे, कोब्याचं कामही तोच घेतो. सांगून टाकलं, सत्तावीस तारखेला सकाळी खडी आणून शेतात टाक. तो म्हणाला, 'शेट, वाल उभा हाय ना तिथं? शेंगा धरल्यात.' म्हटलं, तुला खडी टाकायची आहे की शेती शिकवायची आहे?

तिसरी खेप मेल्यात जमा आहे, तरी सांगितलं. माझं मलाच कळत नाही का सांगितलं. खोलीत जमलं नाही म्हणजे शेडमध्ये जमणार नाही असं थोडंच? मोठ्या टाकीत पाणी स्थिर राहतं. आणि एकदा कोबा पडला की घरातली ही धुसफूस तरी संपेल. कुणीतरी काहीतरी ठरवायलाच हवं ना?

घरी सांगितलेलं नाही.

१८ जानेवारी

कुमुदबेनचा निरोप. शनिवारी येतायत. त्याच दिवशी नीलेशही येतोय.

खोलीत त्यातल्या त्यात चार-सहा रोपं उभी आहेत. ती पुढे लावायची, दिवा मंद ठेवायचा. आणि संध्याकाळी पोपटी करायची. वालाच्या शेंगांची पोपटी खायला मुंबईची माणसं जीव टाकतात. पोट भरलं की माणूस जास्त प्रश्न विचारत नाही. वेणूला सुनिताकडून निरोप पाठवला, शेंगा हव्यात. आल्या. टोपलीभर, टपोऱ्या. तिच्या शेतातल्या.

२४ जानेवारी

लिहितो. लिहायलाच हवं.

नीलेश दुपारी आला. बॅगही न ठेवता खोलीत गेला. मी बाहेर उभा. मग बाहेर येऊन म्हणाला, 'बाबा, मीटर कुठाय?' म्हटलं, माझ्याकडे आहे. 'कुठलं?' म्हणाला. मी जीभ दाखवली. एवढ्यात कुमुदबेनची गाडी आली, म्हणून राहिलं.

अंधार पडायच्या आत अंगणात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. कोंबडीचा मसाला नेहमीसारखा माझ्याकडे. आमच्यात हे मीठ घालायचं काम दुसऱ्या कुणाला देत नाहीत. दयारामही आला होता, त्याने आणखी दोघांना आणलं होतं. सगळ्यांसमोर मी मसाला चाखला. अळणी. मूठ टाकली. चाखला. अळणी. पुन्हा टाकली. आणखी एक मूठ टाकून झाल्यावर कुठे जिभेला जराशी जाग आली. शेंगांवरही हात सैल सोडून मीठ भुरभुरलं. दयाराम म्हणाला, 'शेट, लय व्हतंय.' मी म्हटलं, तुझ्या सात पिढ्यांनी मीठ विकत घेतलंय, माझ्या सात पिढ्यांनी पिकवलंय. सगळे हसले. वेणू हसली नाही. ती एक पाऊल पुढे आली होती, हात थोडा उचलला होता, मग तिथेच थांबली. ते आत्ता आठवतंय.

मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. घमघमाट सुटला. मडकं उघडलं, पत्रावळीवर वाढलं, पहिला घास कुमुदबेननी शेंगेचा घेतला, दयारामने कोंबडीचा.

दयारामने घास हातावर काढला. कुमुदबेननी रुमालात. कुणीतरी खोकायला लागलं. सुनिता पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मी तोवर अख्खा तुकडा खाल्ला होता. म्हटलं, काय झालं? चांगली तर झालीये, मीठ थोडं कमीच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तसं मला आयुष्यात कुणी बघितलं नव्हतं. नीलेशने माझ्या पत्रावळीतला कण उचलून जिभेवर ठेवला आणि थुंकला. 'बाबा,' म्हणाला, 'हे नुसतं मीठ आहे. तुम्हाला लागत नाही?'

नाही लागत.

कुमुदबेन बिचाऱ्या खोली न बघताच गेल्या. 'फिर कभी,' म्हणाल्या. मी अंगणात बसून राहिलो. लोक पेंढ्याची राख सारखी करायचं सोंग करत निघून गेले.

२५ जानेवारी

सकाळी नीलेशने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने गोळीचं पाकीट बघितलं, मला विचारलं, कधीपासून? मी हिशेब केला. दसऱ्यानंतर. तो म्हणाला, ही गोळी काही लोकांची चव घालवते, दुसरी देतो, हळूहळू परत येईल. पण रक्तदाब एवढा वर कसा गेला? मी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. चिमटीची मूठ कधी झाली ते कळलंच नव्हतं, बरणी रिकामी कुणी केली तेही तेव्हाच कळलं. नीलेशला हसावं की रडावं कळेना. मलाही.

येताना नीलेश आनंदात होता. 'म्हणजे बाबा, सिस्टीम फेल नाही! तुम्ही खत वर खत घालत होतात, त्याने मुळं जळली. मीटर आणलं की झालं. कुमुदबेनला मी समजावतो.' खरं आहे. पाण्याची चूक नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की पळस्प्याच्या नाक्यावर उतरून त्याला उसाचा रस पाजला.

घरी आलो आणि वेणूला सांगितलं. म्हटलं, ऐकलंस? गोळीने जीभ गेली होती माझी.

ती शेंगा निवडत होती. म्हणाली, 'मना म्हाईत हाय.'

कधीपासून?

'दिवालीला शंका आली. ताकाच्या दिवशी खातरी झाली. एक पेला नुसता व्हता, एकात मूठभर मीठ. तुमी दोन्ही सारखेच प्यायलात.'

आणि गप्प राहिलीस? मी रोज त्या टाकीला तोंड लावत होतो, ते माहीत होतं तुला?

'व्हतं.'

माझा आवाज चढला. म्हटलं, तुझ्या डोळ्यांसमोर दोन खेपा मेल्या! तुझ्या पोराची वाट लागली असती! एक शब्द बोलली असतीस तर?

'तर तुमी मीटर आनला असता. पाला आला असता. आन माझ्या शेतावर कोबा पडला असता.' ती शेंगा निवडतच होती, पण हात नीट चालत नव्हते. 'मी कायपन टाकला नाय तुमच्या पान्यात. नुसती बोलली नाय. काल मडक्यात मीठ टाकत व्हता तवा मात्र मना ऱ्हावत नव्हता. पावण्यांसमोर तुमची... पन नाय बोलली. त्याचा पाप माझ्यावर.'

एवढे महिने मला माझ्याच तोंडाने वेडा ठरू दिलं हिने. मी दोन-तीन शब्द असे वापरले जे इथे लिहीत नाही. मग म्हटलं, परवा खडी येतेय, दयारामला सांगून ठेवलंय. आता तर टाकणारच.

तिने पहिल्यांदा मान वर केली. 'मना कवा इचारला तुमी?' एवढंच म्हणाली.

२६ जानेवारी

तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. कधी विचारलं? विचारलं असेलच की. नीलेशला विचारलं, कुमुदबेनना विचारलं, दयारामला विचारलं. सगळ्या नेऱ्याला सांगत फिरलो. तिला... तिला सांगितलं होतं ना, सगळ्यांसमोर, जेवताना.

दिवसभर तिच्यावर चिडायचा प्रयत्न करतोय. चिडायला हक्क आहे माझा. बायकोने असं करावं? पण मधेच वाटतं, दुसरं काय करायला हवं होतं तिने? ओरडायला? ओरडली असती तर मी ऐकलं असतं का? मी मला ओळखतो.

दयारामला नको म्हणून निरोप पाठवावा असं दोनदा मनात आलं. पाठवला नाही. नीलेशचं तोंड बघवत नाही, इतका खुलून गेलाय. कागदावर शेडचा नकाशा काढतोय.

२७ जानेवारी

ट्रक सकाळीच आला. बांधापर्यंत मागे घेतला, पाठचा फाळका सोडायला पोऱ्या चढला. दयाराम खिडकीतून ओरडला, 'शेट, कुठं ओतू?'

नीलेश नकाशा घेऊन उभा. सुनिता ओटीवर. वेणू वालात होती, वाकलेली, तोडणी चालू होती. तिने वर बघितलं नाही. ट्रक ऐकला नसेल असं नाही, अख्ख्या गावाने ऐकला.

माझ्या तोंडात 'शेतात' आलं होतं. खरंच आलं होतं. मी दयारामला म्हटलं, थांब जरा. चपला बांधावर काढल्या आणि आत गेलो. वेल पायात येत होते. तिच्याजवळ जाऊन म्हटलं, वेणू, इथे कोबा घालायचा आहे. घालू का?

'इचारताय का सांगताय?'

'विचारतोय.'

ती दोन-चार शेंगा तोडत राहिली. पदराची ओटी भरली होती तरी. मग म्हणाली, 'नको.'

मी परत आलो आणि दयारामला गाडी वळवायला सांगितली. त्याने माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, आणि तो गेल्यावर नीलेशने कागदाचा बोळा केला. 'बाबा, आता काय राहिलं मग?' म्हणाला. मी त्याला मिठी मारायला गेलो तर तो बाजूला झाला. त्याला अजून किती वर्षं त्या कंपनीत काढावी लागतील, हे मला दिसतंय. त्याच्यासाठी माझ्या जिवाला घोर लागलाय. आणि खोटं कशाला लिहू, मला स्वतःलाही वाईट वाटतंय. पाण्यात झालं असतं. या दोन हातांनी सोनं पिकवलं असतं. कुमुदबेनना फोन करायचं काम कुणी घेईना, मीच केला.

दिवे लागायच्या वेळी वेणू ओटीवर वाल सोलत बसली. मी लांब बसलो होतो. तिने टोपली माझ्याकडे सरकवली म्हणून मीही सोलायला लागलो. बरंच सोलून झाल्यावर तिने आत बघून नीलेशला हाक मारली. तो आला, भिंतीला टेकून उभा राहिला.

'खोलीच्या मागं जागा हाय ना, जुन्या गोठ्याची,' ती म्हणाली. 'तिथं माती नाय, फरशी हाय. तिथवर वाढवा तुमचा काय तो पाला. शेताला हात लावू नका.'

नीलेश पटकन म्हणाला, 'आई, पण शेडएवढं नाही होणार.'

'शेडएवढा नाय व्हनार,' ती म्हणाली. 'जेवढा व्हईल तेवढा करा.'

मग माझ्याकडे न बघता विचारलं, 'ते मीटर मुंबईला कुठं मिलतं?'

मी म्हटलं, उद्या जाऊन शोधतो.

'नीलेशला पाठवा,' ती म्हणाली. 'तुमी चाखून घ्याल.'